मंगळवारचं शटर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर जनसंपर्क विभाग होता आणि त्या विभागात एकच माणूस होता. त्यामुळे विभागात एकोपा होता. त्या माणसाला सगळे 'दखल' म्हणत. कार्यालयाविरुद्ध कुणी कुठे काही लिहिलं, फोटो टाकला, व्हिडिओ टाकला, की त्याखाली चार मिनिटांच्या आत "घटनेची गंभीर दखल घेतली असून संबंधितांवर कठोर कारवाई करण्यात येईल" हे वाक्य चिकटवायचं, एवढंच त्याचं काम. वाक्य त्याचं स्वतःचं होतं. चार मिनिटांचा नियम साहेबांचा. तक्रार नीट वाचायला पाच मिनिटं लागत, म्हणून आधी दखल घ्यायची आणि मग वाचायचं, अशी पद्धत पडली होती.

पूर्वी असं नव्हतं. तक्रार वर्तमानपत्रात यायची, बातमीदार तीन जिने चढून यायचा, धापा टाकायचा, चहा घ्यायचा आणि दोन्ही बाजू लिहून न्यायचा. खुलाशाला आठवडा मिळायचा. तेवढ्या अवधीत कधीकधी खरं काय घडलं तेही सापडायचं.

दखलची मोठी बहीण त्याच इमारतीत तळमजल्यावर, तक्रार खिडकीवर होती. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि इथे चिकटवलं. त्या मंगळवारी सकाळी तिने डबा हातात देताना बजावलं, की आज विसरू नकोस, काल तुझ्यामुळे मला दोन डबे खावे लागले. मग चपला घालताना सहज विचारावं तसं विचारलं, "त्या फिटरचं काय झालं रे?"

झाडाखाली पाय पसरून बसलेल्या एका फिटरचा फोटो मागच्या महिन्यात फिरला होता. दखल घेतली गेली, फिटर घरी गेला. फोटो जेवणाच्या सुट्टीतला होता, हे नंतर कळलं.

"निलंबित झाला."

"त्याला विचारलं का कुणी?"

"ताई, विचारायला वेळ कुठे असतो?"

अकरा वाजून दहा मिनिटांनी 'शहराचा आरसा' नावाच्या ब्लॉगवर व्हिडिओ आला. त्यावर 'निर्दयपणाचा कळस' असं लिहिलं होतं. दखलने तिसऱ्याच मिनिटाला वाक्य चिकटवलं, एक मिनिट वाचल्याबद्दल स्वतःवर खूश झाला आणि मग व्हिडिओ लावला. नऊ सेकंदांचा होता. खिडकीसमोर एक म्हातारे गृहस्थ काहीतरी सांगताहेत आणि आतून एक हात त्यांच्या तोंडावर शटर ओढतो. आतल्या बाईचा चेहरा दिसत नव्हता. फक्त हात, आणि मनगटावर पट्टा झिजलेलं मोठं पुरुषी घड्याळ.

घड्याळ वडिलांचं होतं. पट्ट्याला वाढीव भोक दखलनेच पाडलं होतं, ताईच्या बारीक मनगटासाठी.

तो तीन मजले धावत उतरला. ताई खिडकीबाहेरच्या बाकावर म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. गृहस्थ निवृत्त शिंपी होते, ऐकायला कमी यायचं. काचेपलीकडचं तर काहीच पोचत नसे. म्हणून दर मंगळवारी ताई पाच मिनिटं शटर पाडायची, बाजूच्या दाराने बाहेर यायची आणि त्यांचा अर्ज भरून द्यायची. रांगेतल्या नेहमीच्या लोकांना हे ठाऊक होतं. व्हिडिओ काढणारा पहिल्यांदाच आला होता.

दखलने ब्लॉगवरचा नंबर शोधून त्या व्हिडिओवाल्याला फोन लावला. माणूस फार सभ्य निघाला. म्हणाला, शटर पडलं ना? मग मी खोटं काय दाखवलं?

"पण ती बाहेर आली ते?"

"तेव्हा मी बंद केलं. त्यात काही घडत नव्हतं."

बातमीदाराला फोन केला. त्याने आता जिने चढणं सोडलं होतं, बातमी केव्हाच लावून झाली होती. "खात्री न करता लावत नाही आपण," तो जरा दुखावून म्हणाला. "तुमच्याच कार्यालयाने गंभीर दखल घेतलीय. आणखी काय खात्री करायची?"

मग दखलने आयुष्यात पहिल्यांदा खुलासा लिहिला. चांगला दोनशे शब्दांचा, शिंप्यासकट, बाकासकट. साहेबांनी तो वजन करावं तसा हातावर धरला. म्हणाले, एवढं कोण वाचतं, आणि आपण तर आधीच कबूल करून बसलोय.

"मी तेव्हा व्हिडिओ बघितला नव्हता, साहेब."

"हे लिहिणार का खुलाशात?"

दुपारी शिंपीआजोबा स्वतःहून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. मुलीसारखी आहे ती माझ्या, म्हणाले. ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी प्रश्न कागदावर लिहून दाखवला, की बाईंनी शटर पाडलं का? आजोबांनी चष्मा लावून वाचलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हो, दर मंगळवारी पाडते." त्यातलं तेवढंच वाक्य संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिलं. दखलने तरीही टाकलेला खुलासा सात जणांनी पाहिला. त्यांतले दोन तो स्वतः होता.

चार वाजता ताई वर आली. निलंबनाचा कागद तिने उभ्याउभ्या वाचला, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.

"त्या फिटरचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

नंबर नव्हता. नावही आठवेना.

"असू दे," ती म्हणाली. "डबा खाल्लास ना?"

दुसऱ्या दिवशी दखलने साहेबांना सांगितलं, की ते वाक्य मी आता चिकटवणार नाही, काय करायचं ते करा. साहेब अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, गरजच नाही, ते आता कॉम्प्युटर चिकटवतो, चार सेकंदांत. शिवाय परिपत्रक निघालंय, कामाच्या वेळेत शटर खाली घ्यायचं नाही.

पुढच्या मंगळवारी दखल तळमजल्यावर थांबला. खिडकीवर नवी मुलगी होती, नोकरीचा तिचा चौथा दिवस. शिंपीआजोबा आले. शटर नियमाप्रमाणे वर होतं. ती काचेमागून बोलत होती, आजोबा कान काचेला लावत होते. मुलीने पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं, हातवारे करून सांगितलं. आजोबांनी मान डोलावली आणि कोरा अर्ज घडी घालून खिशात ठेवला. रांगेत कुणी फोन वर केला नाही. घडत तर काहीच नव्हतं.

दखलने केला. पूर्ण चार मिनिटं, काहीही न कापता. खाली लिहिलं, 'शटर पडायचं ते यांच्यासाठीच. बघा.' आणि टाकून दिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. आता लोक बघतील, निदान विचारतील तरी.

चार सेकंदांनी उत्तर आलं. घटनेची गंभीर दखल घेतली असून संबंधितांवर कठोर कारवाई करण्यात येईल.

त्याने घाईघाईने व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर 'शहराचा आरसा'ने त्यातले नऊ सेकंद उचलले होते. म्हातारा काचेला कान लावतोय, आतली मुलगी हात उडवतेय.

दखल खिडकीकडे धावला. पुढच्याचा अर्ज घेता घेता त्या मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि काचेमागे तिच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला.