करवंदीखालची जागा

मुळशीच्या पावसाला एक खोड आहे. तो जातो खरा, पण जाताना कबरस्तान गवताच्या स्वाधीन करून जातो. उरवडे रस्त्याच्या वरच्या अंगाला, टेकाडाच्या पोटाशी चर्चच्या मंडळीची ती जागा. ऑक्टोबर उजाडला की तिथं कमरेएवढं गवत, त्यावर घाणेरीचं रान, आणि त्याखाली कुठंतरी सगळ्यांचे बाप-आजे झोपलेले. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्या संध्याकाळी पाळकसाहेब एकेका कबरीपाशी थांबून नाव पुकारतात, मंडळी एक कडवं गाते, घरचं माणूस वाकून मेणबत्ती लावतं आणि सगळे पुढच्या कबरीकडे सरकतात. पण नाव पुकारायचं तर आधी कबर सापडायला हवी. म्हणून दरवर्षी सफाई ठरायची. ठरवायच्या सभेला सगळे हात वर होत आणि सफाईच्या दिवशी मोजके कोयते येत. बाकीच्यांच्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे.

यंदा तसं होणार नव्हतं, कारण यंदा तरुण संघाचा सेक्रेटरी अमोल साळवे होता. रत्नाबाईचा हा एकुलता एक मुलगा म्हणजे हाती घेतलेलं तडीला नेणारा. कारखान्यात पाळ्या करून आला की चर्चचा नळ, चर्चचा माइक, कुणाच्या म्हातारीचा दवाखाना, सगळं त्याच्याच गळ्यात. रविवारी उपासना संपल्यावर तो सभेत उभा राहिला.

"आवंदा कोयतं न्हाई काढायचं," तो म्हणाला. "माजा दोस्त हाय इंद्रजित, त्यो जेसीबी देतोय. फुकाट. अर्ध्या दिसात मैदान करून देतो म्हनला."

टाळ्या पडल्या. फुकट मिळालेल्या गोष्टीला मंडळी नेहमीच मनापासून टाळ्या वाजवते.

"कबरींना धक्का नाही ना लागणार?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब. एकेका कबरीला मी सोताच्या हातानं चुना फासनार. चुना दिसला की डायवर वळनार."

"आन् कोपऱ्यातली करवंदी रं?" मागच्या बाकावरून गौतमीआक्का बोलल्या. मंडळीतली ही सगळ्यांत जुनी म्हातारी. काठी आपटत चालायची, आणि नवरा गेला तेव्हासुद्धा तिच्या डोळ्यात पाणी कुणी पाहिलं नव्हतं.

"ती पयली काढायची, आक्का. मागल्या साली तितनंच घोनस निघाली हुती. तुमी येता, आता ही रेश्मा बी येनार."

रेश्मा ही अमोलची बायको. सातवा महिना. ती लाजून हसली आणि पोटावरून हात फिरवला. गौतमीआक्कांनी काठी मांडीवर आडवी घेतली. रेश्माच्या शेजारी बसलेल्या रत्नाबाईनं मात्र झटकन मान वर करून अमोलकडं पाहिलं.

अमोलच्या आधी रत्नाबाईला एक मुलगी झाली होती. आठवडाही पुरा काढला नाही पोरीनं. तेव्हाचे पाळक दौऱ्यावर होते, त्यामुळं बाप्तिस्मा राहून गेला, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून कबरीचं नावही नाही. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण रीत होती, आणि लिहिलेलं तरी खोडता येतं. अशी लेकरं कोपऱ्यात पुरायची, गाजावाजा न करता. रत्नाबाईच्या नवऱ्यानं, कुशाबानं, करवंदीच्या जाळीच्या बुडाशी स्वतः खड्डा खणला होता. तिथं गुरं शिरत नाहीत म्हणून. वर ओढ्यातले तीन गोटे आणून ठेवले. पोरीचं नाव दोघांनी आपसांत ठेवलं होतं, करुणा. ते तिसऱ्या माणसाला कधी कळलं नाही.

मग अमोल झाला आणि सासूबाईंनी रत्नाबाईला बजावलं, "जित्या लेकराम्होरं गेलेल्याचं नाव काढू न्हाई. ओढ लागती." घराणं ख्रिस्ती होऊन पिढ्या लोटल्या होत्या, पण सासूबाईंची जुनी भीती काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेली नव्हती. ती त्यांनी सुनेच्या ओटीत जशीच्या तशी घातली. रत्नाबाईनं अमोलला कधी सांगितलं नाही की तुला एक बहीण होती आणि ती तिथं आहे. दरवर्षी मृतांच्या दिवशी, मंडळी पुढं सरकली की ती आणि कुशाबा हळूच मागं राहत. कुशाबा पावसानं सरकलेले गोटे नीट लावायचा, ती जाळीत हात घालून मेणबत्ती लावायची. काटे ओरबाडायचे. करोनाच्या साली कुशाबा गेला, त्याची सिमेंटची कबर झाली, तेव्हापासून गोटे लावायचं कामही तिच्याकडं आलं.

आता सुनेच्या पोटात बाळ असताना ते नाव कसं काढायचं? रात्री जेवताना तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाकरीचा तुकडा आत घातला. मग तिनं स्वतःपुरता तोडगा काढला. जेसीबी शनिवारी दुपारी येणार होता. शनिवारी सकाळी आपण एकटीनं जायचं, डब्यात चुना न्यायचा, विळ्यानं थोडी जाळी छाटायची आणि त्या तीन गोट्यांना चुना फासून यायचं. चुना दिसला की ड्रायव्हर वळणार, हे अमोलनंच सांगितलं होतं ना? कुणाला काही सांगायला नको, आणि पोरही सलामत. शुक्रवारी सकाळी तिनं चुना भिजत घातला आणि डबा मोरीच्या कोपऱ्यात झाकून ठेवला. तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ती महिला मंडळात चिवडा करायला गेली तेव्हा गाणं गुणगुणत होती.

नोव्हेंबरातल्या हंगामाच्या सणाला मंडळी भाताच्या पेंढ्या, भोपळे, काकड्या घेऊन वेदीपुढं ठेवते आणि मग जेवणावळ असते, त्याची ही तयारी. चर्चच्या मागच्या पडवीत कढई चढली होती. शेंगदाणे तळून झाले, खोबऱ्याचे काप टाकले, तेवढ्यात अमोल आला. डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीनं माखलेला, आणि दात तेवढे पांढरे.

"आई, झालं सगळं!"

"काय झालं?"

"कबरस्तान. इंद्रजितला उद्याच्याला भूगावात काम लागलं, म्हनून आजच आला. म्या कारखान्यात सुट्टी टाकली. बघशील तर वळखू येनार न्हाई तुला."

रत्नाबाईच्या हातातला झारा कढईतच राहिला. खोबरं करपलं. बायका ओरडल्या तेव्हा तिला कळलं.

शनिवारी सकाळी ती गेली. चुन्याचा डबा नेला होता, का ते तिलाही सांगता आलं नसतं. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि पाहते तर अमोल खरं बोलला होता. ओळखू येत नव्हतं. एरवी ज्या कबरी शोधाव्या लागत, त्या सगळ्या पांढऱ्याशुभ्र, रांगेत उभ्या. कुशाबाच्या क्रुसावर अमोलनं नवा रंगही दिला होता. एकाही कबरीचा टवका उडालेला नव्हता. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं करवंदीचं रान होतं, तिथं सपाट लाल जमीन. रोलर फिरवल्यासारखी. वर बारीक खडी टाकलेली, पाय चिकटू नयेत म्हणून.

ती कोपऱ्यात गेली नाही. काठावर उभी राहून डोळ्यांनी जाळीचं बूड शोधू लागली. कुंपणापासून इतकं? की त्या दगडी खांबाच्या रेषेत? जाळी होती तेव्हा जागा तिला डोळे मिटून सापडली असती. जाळी गेली आणि जागाच गेली. कुंपणाशी मातीचा ढीग होता, त्यात मुळं, फांद्या आणि गोटे. तिनं डबा खाली ठेवला आणि ढीग उपसायला सुरुवात केली. एक गोटा हातात घेऊन पाहिला, मग दुसरा. ओढ्यातले गोटे सगळे सारखेच, गुळगुळीत, करडे. कुशाबाचा हात लागलेला कुठला, ते कसं कळणार? एक तिला ओळखीचा वाटला. तिनं तो पदरानं पुसला, छातीशी धरला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की गोटा सापडला तरी ठेवायचा कुठं? ती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. एवढं मात्र तिला एकटीला मिळालं.

घरी आली तर अमोल दारात बसून तळहातावरचे फोड फोडत होता.

"बघितलंस? दादांची कबर कशी दिसती?"

"लई चांगली," ती म्हणाली.

"सगळं तुझ्यासाटी केलं गं. दरसाली काट्यांत हात घालून रक्त काडून यायचीस. म्या लहान असल्यापासनं बघतोय. मला वाटायचं, दादा गेलं तरी हिची फुलं तोडायची हौस जात न्हाई."

पोरगा काट्यांनी ओरबाडलेले हात पाहत आला होता, आणि तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं की ते कशानं ओरबाडतात. राग कुणाचा करायचा? याचा? इंद्रजितचा? कबरस्तानाच्या वरच्या रांगेत झोपलेल्या सासूबाईंचा? आत रेश्मा पाय पसरून बसली होती आणि बाळ लाथा मारतंय म्हणून हसत होती. रत्नाबाई मोरीत गेली आणि चुना ओतून दिला.

रविवारी, मृतांच्या दिवशी, संध्याकाळी सगळी मंडळी आली. भूगावात फ्लॅट घेऊन राहायला गेलेली घरंसुद्धा या वेळी गाड्या घेऊन आली, कारण आता गाडी थेट फाटकापर्यंत येत होती. ऊन उतरलं होतं, खालच्या खाचरांत कापलेल्या भाताचा वास होता. पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच अमोलला पुढं बोलावलं.

"आपल्या प्रियजनांच्या विसाव्याची जागा या तरुणानं प्रेमानं साफ केली आहे. देव त्याच्या येणाऱ्या लेकराला आशीर्वाद देवो."

लोक "आमेन" म्हणाले. रत्नाबाईही म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तेच तर अवघड होतं.

मग नावं सुरू झाली. एकेक नाव, एकेक कडवं. "कुशाबा याकोब साळवे." तिनं वाकून मेणबत्ती लावली, अमोलनं झेंडूचा हार घातला. मंडळी पुढं सरकली. एरवी याच वेळी ती मागं राहायची. आज मागं राहून जायला जागा नव्हती, कारण सगळेच तिकडं चालले होते. शेवटच्या प्रार्थनेसाठी त्या मोकळ्या कोपऱ्यात लाल खुर्च्या मांडल्या होत्या आणि कडेला चहाचं पिंप ठेवलं होतं. पोरं खडीवरून पळत होती. रेश्माला अमोलनं हात धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं.

रत्नाबाई काठापर्यंत आली आणि थांबली. पदराखाली दुसरी मेणबत्ती होती, न लावलेली.

"आई, अशी का हुबी? ये की!" अमोलनं हाक मारली आणि तिला न्यायला आला.

"अमोल, हितं..."

"काय गं?"

त्याच्या खांद्यावरून तिला रेश्मा दिसली. दोन्ही हात पोटावर ठेवून ती इकडंच पाहत होती.

"काय न्हाई," रत्नाबाई म्हणाली.

अमोलला तिच्या हातातली मेणबत्ती दिसली. "उरली व्हय? मग लाव की कुटंबी. आता जागाच जागा हाय."

रत्नाबाई खाली वाकली. त्याला वाटलं मेणबत्ती लावतेय. तिनं पायातल्या चपला काढल्या आणि मागं, खडीच्या बाहेर नीट ठेवल्या.

"अगं, खडी हाय. टोचंल."

"टोचू दे."

तो गोंधळला, हसला, आणि कुणीतरी माइक चालत नाही म्हणून बोलावलं तसा धावत गेला. तेवढ्यात शेजारी काठीचा आवाज आला. गौतमीआक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातातही एक मेणबत्ती होती, न लावलेली. त्यांनी रत्नाबाईच्या उघड्या पायांकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग काठीवर भार टाकून, एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल ओढत, त्यांनीही चपला काढल्या.

"तुजं कुटं हुतं?" आक्कांनी हळूच विचारलं.

"करवंदीच्या बुडाशी. आन् तुमचं, आक्का?"

"दोन हायेत. तितंच कुटंतरी."

कधी न रडलेली ती म्हातारी रत्नाबाईच्या दंडाला धरून उभी राहिली. माइक सुरू झाला. पाळकसाहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. दोघींनी मिटले नाहीत. त्या खुर्च्यांच्या पायांकडं, पोरांच्या बुटांकडं, खडीकडं पाहत राहिल्या.

प्रार्थना संपली. आमेन झालं, चहा वाटायला सुरुवात झाली, आणि पलीकडून रेश्मानं शेजारची खुर्ची थोपटून सासूला बोलावलं. रत्नाबाईला जायचं होतं. सुनेशेजारी बसायचं होतं, तिच्या पोटावर हात ठेवायचा होता. तिनं एक पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. पाऊल कुठं टाकावं, ते तिला कळेना.