मागच्या गल्लीतलं दार

मी एक जुनी इमारत आहे, मित्रांनो. पूर्वी माझ्यात छत्र्यांचा कारखाना होता. काड्यांवर काळं कापड ताणून शिवणाऱ्या बायका दिवसभर हसायच्या, भांडायच्या, आणि माझे कान किटून जायचे. कारखाना बंद पडला तेव्हा कळलं, शांतता त्याहून किती वाईट असते. पुढे कित्येक वर्षं कबुतरांखेरीज कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एक संस्था आली. वस्तीतल्या लोकांना इथे शिवणकाम, सुतारकाम शिकवायचं, आणि ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी इथेच बसून आपापलं काम करायचं, असं ठरलं. मला नवं छप्पर मिळालं, रंग मिळाला. रस्त्याकडच्या पायऱ्यांवर काचेचं मोठं दार आलं. मी अगदी हरखून गेले. गल्लीकडचं मागचं दार मात्र त्यांनी विटांनी बुजवून टाकलं. ती बाजू बरी दिसत नाही म्हणे! अहो, काय करताय, असं मी मनातल्या मनात ओरडले, पण इमारतीचं ऐकतो कोण?

मशिनं आली, बाकं आली. माणसं काही येईनात. केंद्र चालवणाऱ्या ताई रोज दाराशी वाट बघत बसायच्या. वस्तीला शिकायचंच नाही, असं संस्थेत बोललं जाऊ लागलं. मला गोदामासाठी भाड्याने द्यायचं घाटू लागलं.

एका सकाळी कचरा टाकायला ताई मागे गेल्या. बुजवलेल्या दारासमोर तीन बायका उभ्या होत्या. त्या रोज येऊन परत जायच्या, ते मी बघत होते. त्यांतल्या थोरल्या मावशींनी माझ्याकडेच जन्मभर छत्र्या शिवल्या होत्या. दार कधी उघडणार, असं त्यांनी विचारलं. पुढचं उघडंच आहे की, असं ताईंनी सांगितलं.

"ते मालकांचं दार," मावशी म्हणाल्या. "त्या पायऱ्या आम्ही झाडल्यात, बाई. चढलो कधीच नाही."

ताईंनी लगेच गवंड्याला बोलावणं धाडलं. दुपारीच तो आला. हातोड्याचे घाव बसत होते, पण खरं सांगते, इतकं बरं मला नव्या रंगानेही वाटलं नव्हतं.

आता मावशी शिवण शिकवतात आणि चुकलं की चांगल्या रागावतात. ताईसुद्धा मागच्याच दाराने येतात. गोदामाचं नाव कुणी काढत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या इमारतींची डागडुजी जरूर करा. पण एखादं दार बुजवण्याआधी तिथून कोण येत होतं, तेवढं विचारा. मला बोलता येत नाही. आणि बंद दारासमोरून परत जाणारी माणसं बोलत नाहीत.