जयंतीच्या साडीपुढचा फोटो

रविवारी भामाबाईच्या मागं करायचा पुण्यानुमोदनाचा विधी होता आणि शुक्रवारी तिचा मुलगा भीमराज श्रीगोंद्यातल्या स्टुडिओतून तिचा फोटो फ्रेम करून घेऊन आला. फ्रेममध्ये एक गोरीपान बाई जरीच्या काठाची साडी नेसून बसली होती. चेहरा आधार कार्डावरचा, साडी स्टुडिओवाल्या हर्षलच्या साठ्यातली.

"कसली भारी दिसती आई," भीमराज म्हणाला.

"कोणाची?" भारतीनं विचारलं.

"ताई, आता सुरू नको करू. हर्षल समद्यांचाच रंग उजळतो. गेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"

"मला पडतो. जन्मभर तिनं तोंडाला पावडर लावली नाही. हा फोटो लागणार नाही."

"मग तुझ्याकडचा दे की. हिवाळाभर बसवून ठिवलंवतं तिला."

ते खरं होतं. भारती कॉलेजात ग्रंथपाल. गेल्या हिवाळ्यात व्हिडिओ बघून तिला लख्ख, मऊ उजेडातल्या फोटोंचा नाद लागला होता. खिडकीकडे तोंड करून आई, मागे दोरीवर आईचीच भीमजयंतीला नेसायची पांढरी साडी, मांडीवर जयंतीच्या स्टेजचा उरलेला थर्माकोल, उजेड हनुवटीखाली फेकायला. उजेड वाढवायला घाबरू नका, असं व्हिडिओतला मुलगा सांगायचा. भारती घाबरली नाही.

"हलू नकोस आई, सावली पडते."

"माझी सावली माझ्यावर न्हाई पडायची तर काय सरपंचावर पडंल?"

फोटो दाखवला की म्हणायची, "ही कोण? पिठाच्या डब्यात पडल्यावानी?" याला शैली म्हणतात, असं भारतीनं तिला समजावून सांगितलं होतं.

आता तिनं मोबाईल उघडला. एकसष्ट फोटो. साठांमध्ये आई दुधासारखी. कपाळावरचं गोंदण गेलेलं, सुरकुत्या गेलेल्या. काहींत नुसते डोळे आणि चष्म्याची काडी. हर्षलनं निदान नाक तरी ठेवलं होतं.

एकसष्टावा चुकून निघालेला. त्या दिवशी शेजारची मुक्ताबाई मिश्री घासता घासता आत आली आणि तिनं त्याच हातानं साडीचा काठ चाचपला. "मुक्ते, हात! जयंतीची साडी हाय ती!" म्हणत आई ताडकन उठली, थर्माकोल पडला आणि भारतीचं बोट बटणावर. मागं एवढी पांढरी साडी बघून मोबाईलनं आपल्या अकलेनं उजेड कमी केला. पुसायचा कंटाळा केला म्हणून तो फोटो राहिला.

त्यात आई काळीसावळी होती. गोंदण स्पष्ट, तोंड उघडं, एक बोट उगारलेलं.

भीमराजनं तो बराच वेळ धरून ठेवला.

"भांडतीय की ही."

"हो."

"लोक काय म्हनतील?" त्यानं बाहीनं नाक पुसलं. "दे. मीच जातो हर्षलकडं."

"त्याला म्हणावं, रंगाला हात लावायचा नाही."

रविवारी बुद्धमूर्तीशेजारी फ्रेम ठेवली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकेक करून फुलं वाहत होती. मावशीनं भारतीला जवळ घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "फोटो लई काळा आलाय गं. श्रीगोंद्यात उजळून मिळतो."

"हो का," भारती म्हणाली.

मुक्ताबाई फूल घेऊन पुढं आली आणि फोटोसमोर थबकली. उगारलेल्या बोटाकडं तिनं पाहिलं. मग फूल डाव्या हातात घेऊन तिनं उजवा हात पदराला खसाखसा पुसला, आणि पालथा-उताणा करून फोटोपुढं धरला.

"धुऊन आलेय, भामे," ती म्हणाली.