खांबांखालची मोकळी जागा

नगरपालिकेची नवी इमारत उभी राहिली आणि शहराने तिचं लगेच बारसं केलं: बगळा. उंच काँक्रीटच्या खांबांवर तीन मजले, खाली नुसती मोकळी जागा. ना भिंत, ना दार, ना बसायला बाक. ती आखणाऱ्या बाई म्हणायच्या, लोकांच्या घराला कुलूप कशाला?

पुढे नवे नगराध्यक्ष आले. त्यांना खाली काचा लावून कचेऱ्या करायच्या होत्या. बाई तोवर सत्तरीला टेकल्या होत्या, पण ऐकतील तर शपथ. एक वीटही लावू देणार नाही, असं त्यांनी भर सभेत सुनावलं. तरी ठराव काचांच्या बाजूने झाला.

काम सुरू होणार तोच सूतगिरणीला आग लागली. इस्पितळात जागा पुरेना, म्हणून नगराध्यक्षांनी मृतदेह इमारतीखाली आणायला लावले. खांबांमधून पांढऱ्या चादरींच्या रांगा लागल्या. ओळख पटवायला नातेवाईक येऊ लागले.

बातमी ऐकून बाईंना घरात बसवेना. त्या आल्या आणि कडेला उभ्या राहिल्या. नदीकडून वारा सुटला होता. एक आई आपल्या मुलापाशी जमिनीवर बसली होती. चादरीचं एक टोक ती दाबून धरी, तर दुसरं उडे. बाई गुडघे धरत खाली बसल्या आणि त्यांनी ते दुसरं टोक धरलं.

मग आईने विचारलं, "ही इमारत कोणी बांधली हो?"

"आराखडा माझाच."

आईच्या आवाजात राग नव्हता. "वारा फार लागतोय हो त्याला," ती म्हणाली.

मुलाला न्यायला गाडी येईपर्यंत बाईंनी ते टोक सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात नगराध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं. काचांचा बेत रद्द केल्याचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. ती जागा नसती तर एवढ्या माणसांना कुठे नेलं असतं, असं ते म्हणाले.

"नदीच्या अंगाला एक भिंत हवी," बाई म्हणाल्या. "आणि बाक."

नगराध्यक्ष त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुम्हीच म्हणाला होतात, एक वीटही..."

"म्हणाले होते."

भिंत त्यांनी स्वतःच आखली. फक्त वाऱ्यापुरती; बाकी तिन्ही बाजू उघड्या ठेवल्या. बांधून झाल्यावर पत्ता शोधत त्या आईच्या घरी गेल्या आणि तिला सोबत घेऊन आल्या.

आई बाकावर टेकली. भिंतीबद्दल ती बरं-वाईट काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने आपणहून सांगू लागली: पोरगा लहानपणी झोपेत हसायचा, आणि कामाला लागला तरी सकाळी हाक मारल्याशिवाय उठायचा नाही.

बाई शेजारी बसून ऐकत राहिल्या.