खालच्या खणातलं जड पिस्तूल

"मास्तर, हे म्हातारं पिस्तूल अजून उडतं, की नुसतं खोकतं?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता! विचारणारी होती टाचणी, नेमबाजीच्या वर्गातली सगळ्यात किडकिडीत मुलगी. "विचारून दाखव, मग मानलं!" अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मागे सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी खालच्या खणात पडल्या पडल्या ऐकत होतो.

मी एक जुनं, पोलादी पिस्तूल आहे. एका कारागिराने कानस मारमारून माझी वरची सरक, म्हणजे नळीवर मागेपुढे होणारा भाग, बसवली. ती लोण्यासारखी सरकली, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "जमलं!" माझं पहिलं कौतुक तेच. मग इथे सरावगृहात मी कागदी चकत्यांना किती भोकं पाडली, त्याला गणतीच नाही. तरुणपणी मास्तर मला थोपटून म्हणायचे, "हा गडी दगा देत नाही."

मग वरच्या खणात नवं पिस्तूल आलं. हलकंफुलकं! उचललं, चाप ओढला, झालं. माझा खटका अंगठ्याने रेटावा लागतो आणि चाप तर रुसलेल्या आजोबांसारखा ताठ. मुलं मला उचलायची आणि "नको बाई!" म्हणून ठेवून द्यायची. शेजारच्या कप्प्यात माझं जुळं भावंड असायचं. ते वितळवायला भट्टीत गेलं. त्या रिकाम्या कप्प्याला मी अजून मनातल्या मनात हाक मारतो. यंदा माझ्याही अंगावर चिठ्ठी लागली, 'या मोसमात कोणी वापरलं नाही, तर भट्टी.'

"उडतं की," मास्तर टाचणीला एवढंच म्हणाले.

ती नवं पिस्तूल घेऊन उभी राहिली. तीन गोळ्या झकास. चौथीला ते अडकलं. "मास्तर, हे बघा ना!" म्हणत ती वळली, पिस्तूल हातात तसंच! नळी मैत्रिणींच्या अंगावरून फिरली.

"नळी समोर!"

मास्तरांचा तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. हसू जागच्या जागी विरलं. टाचणीने नळी समोर वळवून पिस्तूल खाली ठेवलं. उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी सरकेच्या फटीत अडकली होती, दाखवलेल्या जिभेसारखी.

"दोष त्याचा नाही," मास्तर म्हणाले. "हलकं आहे, तू मनगट सैल सोडलंस. घट्ट धर, साफ ठेव, तेही इमानीच आहे. सोपं असलं तरी शिकावं लागतंच, बाळ."

"आणि हे खालच्या खणातलं जड?"

"ते स्वतःच्या वजनाने सांभाळून घेईल. लाड मात्र करणार नाही."

मित्रांनो, तिने मला उचललं! पन्नास गोळ्या, एकदाही अडकलो नाही. तिचे गुण मात्र, अरे देवा! नंतर तिने माझ्या नळीतून ब्रश फिरवला, तेलाचा एक थेंब सोडला. कितीतरी दिवसांनी कुणाच्या हाताची ऊब लागली. खरं सांगतो, आम्हा जुन्यांना एवढंच हवं असतं.

तिला न्यायला आईबाबा दारात आले.

"रविवारच्या स्पर्धेतून मी नाव काढतेय," टाचणी म्हणाली.

"अगं, वर्षभर त्या स्पर्धेसाठीच नाचत होतीस ना?" आई म्हणाली.

टाचणीने माझ्यावरची चिठ्ठी खरवडून काढली.

"भरलेलं पिस्तूल घेऊन मी मैत्रिणींकडे वळले, आई. आधी नीट उभं राहायला शिकणार. अख्खा मोसम, याच्यावरच. आणि बाबा, उद्यापासून मला अर्धा तास आधी सोडा. याला पुसायचं असतं."