गळ्यात मारलेलं फळकूट

आमचं नाटकमंडळ म्हणजे दोनच माणसं. नवरा साहेब होतो, मी दवंडी पिटते. धाकट्याला आजीकडे सोपवून आम्ही शाळाशाळांतून जातो, बाकं भिंतीला सरकवतो आणि तिसरीच्या वर्गाचं गाव करतो. मुलं गावकरी होतात. मग हा टोपी घालून, छडी बगलेत मारून आत येतो आणि सांगतो, आजपासून या गावची भाषा बंद.

परक्या लोकांचं राज्य होतं तेव्हा कित्येक शाळांत खरंच असं चालायचं. घरची भाषा तोंडून निघाली की मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. तो उतरवायचा तर दुसरं कुणी बोलताना पकडून द्यायचं, म्हणजे तो त्याच्या गळ्यात. शेवटी ज्याच्याकडे राहील त्याला शिक्षा. आमच्या नाटकातलं फळकूट याने स्वतः तासून, दोरी ओवून केलंय. साहेबाची भाषाही यानेच बनवली. हो म्हणजे टिप, नाही म्हणजे टाप, बाकीचं मान हलवून भागवायचं.

प्रत्येक शाळेत फळकूट चार-सहा गळ्यांतून फिरतं, पोरं हसतात, मग हळूहळू हसू आटतं. शेवटी कुणीतरी नाव सांगायचं नाकारतं. तिथे मी दोनदा ढोल वाजवते, हा टोपी काढतो, आणि सगळे गोल बसून बोलतो. कसं वाटलं, राग कुणाचा आला, असं. तो गोल आम्ही कधी चुकवत नाही. चुकवत नव्हतो.

या खेपेला शाळा आमच्या ठमीची होती. ती आठवडाभर आधीपासून नाचत होती. बाबाने तिला समोर बसवून समजावलं.

"टोपी डोक्यावर असली की मी तुझा बाबा नाही हं."

"मग कोणाचा?"

"कोणाचाच नाही. साहेबाला घर नसतं."

"मग जेवतो कुठे?"

"ठमे, मला बाबा म्हणायचं नाही, एवढं लक्षात ठेव."

"टिप," म्हणाली आणि हसून लोळली.

नाटकात ती शहाण्यासारखी बसली होती. शेजारी तिची जिवाभावाची खारूताई. पुढचे दात मोठे आणि सारखं काहीतरी कुरतडायची सवय, म्हणून हे नाव ठमीनेच ठेवलेलं. दोघी एकमेकींना कोपराने ढोसत टिप-टाप करत होत्या. साहेब गावकऱ्यांवर डोळे रोखून उलट्या पावली फळ्याकडे सरकत होता. या वर्गात फळ्यापुढे एक उतरती पायरी होती. ती आमच्या ध्यानातच नव्हती.

"बाबा, मागे पायरी!"

हा थांबला. टाच अगदी काठावर होती. वर्ग खदाखदा हसला. नाटकात कुणी घरच्या भाषेत बोललं की ढोल वाजतो. माझा हात वाजवून मोकळा झाला. क्षणभर याने माझ्याकडे बघितलं. मग टोपी सारखी केली, फळकूट उचललं आणि ठमीच्या गळ्यात घातलं.

तिला वाटलं, गंमत आहे. ती त्याच्याकडे बघून हसली. तो हसला नाही. साहेब हसत नाही.

"आणखी कोण बोललं?" त्याने छडी बाकावर टेकवली.

कुणीच बोललं नव्हतं. ठमीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तिने बोट उचललं, ते शेजारीच गेलं. लांबच्याकडे न्यायला धीर लागतो.

"मी नाही बोलले," खारूताई म्हणाली.

"बोलली, बोलली, आत्ता बोलली," सगळा वर्ग ओरडला.

खोटं होतं ते असं खरं झालं. टाप म्हणायचं ती विसरली. तिच्या गळ्यात फळकूट आलं, ते तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "नाव सांग," साहेब म्हणाला. तिने मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण नाव नाही.

मी ढोल वाजवला आणि त्यावरच घंटा झाली. खाली गाड्या उभ्या होत्या, दप्तरं उचलली गेली, पोरं दारातून सांडली. गोल राहूनच गेला.

वर्गाच्या बाई मात्र भारावल्या होत्या. "बघा, शेवटी एकीने नाव घेतलं नाहीच. हाच तर धडा. आम्ही नुसत्या सनावळ्या घोकल्या हो."

आमची लेक कोपऱ्यात बुटाचा बंद बांधत होती. सुटलेला नव्हता.

घरी याने तिला जवळ ओढलं. "तू मला पडता पडता वाचवलंस, ठमे."

"मग फळकूट का घातलंस?"

"तो नियम होता ना."

"नियम तूच केला होतास."

हा टोपीचा काठ चाचपत बसला.

दुसऱ्या दिवशी खारूताईने बाक बदललं. तिसऱ्या दिवशीही तेच. मग आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. तिची आई दारातच म्हणाली, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? पोरींचं आज कट्टी, उद्या बट्टी. आणि तुमचं नाटक तर फारच छान झालं म्हणे."

खारूताई जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिचा साहेब, म्हणजे हा, शेजारी उकिडवा बसला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "ठमीचं नाही, माझं. मी तेव्हाच टोपी काढायला हवी होती."

ती त्याच्याकडे बघून नीट, शहाण्यासारखी म्हणाली, "टिप."

ठमी पुढे झाली. "माझंपण चुकलं. बोलशील माझ्याशी?"

खारूताईने रंगीत पेन्सिलीचं टोक कुरतडलं.

"टाप."

तिची आई हसली. "ऐका हिचं. घरातसुद्धा हेच चाललंय."

आम्ही निघालो. जिन्यातला दिवा गेला होता. हा पुढे, मागे ठमी, तिच्यामागे मी. शेवटच्या वळणावर एक पायरी फुटलेली होती. येताना ठमीनेच ती ओलांडली होती, तिला ठाऊक होती. ती थबकली. मी वाट बघत होते ती हाक मारेल म्हणून. तिने आधी मान वर करून त्याच्या डोक्याकडे बघितलं. अंधारात नीट दिसेना, म्हणून टाचा उंचावून पुन्हा बघितलं. टोपी नव्हती.

"बाबा, पायरी," ती हळू आवाजात म्हणाली.

तोवर त्याचा पाय अडखळला होता. कठडा धरून तो सावरला आणि तिथेच, फुटक्या पायरीवर, बसून राहिला.