कोष्टकातला पाऊण

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की एकाला बोलावलं तर त्याच्या अख्ख्या गोतावळ्याला बोलवायचं. माणसांचं एक वेळ ठीक, पण आकड्यांनाही तोच न्याय. बारा घेतला की त्याला भागणारे एक, दोन, तीन, चार, सहा सगळे हजर. मग त्या गटाची दोन कोष्टकं करायची: एकात जोडीजोडीचा मसावि, दुसऱ्यात लसावि. ह्यांचा सिद्धांत असा, की कुठल्याही दोघांचा मसावि गटातच असला, तर लसाविच्या कोष्टकाला मसाविच्या कोष्टकाने निःशेष भाग जातो. हा भागाकार घराला घराने नव्हे, अख्ख्या कोष्टकाला कोष्टकाने; उत्तरही कोष्टकच, आणि त्यात अपूर्णांक औषधालाही सापडत नाही. अकरा वर्षं हे त्याच्यामागे होते. शुक्रवारी चार वाजता कॉलेजात तो मांडायचा होता, निवृत्तीआधीच्या शेवटच्या व्याख्यानात. टायपिंग अर्थातच माझ्याकडे.

त्या दिवशी सकाळी बाराचं कोष्टक पानात मावेना. मला आला कंटाळा. मसावि गटातच हवा, ती अट मोडत नाही ना, मग चार आणि सहाला दिला नारळ. उरले एक, दोन, तीन, बारा. कॉम्प्युटरला भागाकार करायला सांगितला, तर एका घरात पाऊण.

"अहो, इथे पाऊण आलाय."

"काहीतरी चुकीचं दाबलं असशील."

"तीनदा दाबलं."

हे पेन्सिल घेऊन बसले. वीस मिनिटांनी म्हणाले, "सगळी आकडेमोड केली, की शेवटी सहाला आठने भागायचं उरतं. जात नाही." मग चहा मागितला आणि प्यायला विसरले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "चार आणि सहा परत घालते. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळलंय ना."

चार वाजता ह्यांनी फळ्यावर सिद्धांत लिहिला, खाली ते चार आकडे लिहिले आणि सिद्धांतावर काट मारली. "मी कधी कोणाला वगळलंच नाही," म्हणाले, "म्हणून अकरा वर्षं हे दिसलं नाही. आमच्या हिने आज सकाळी दोघांना वगळलं." लोक हसले. हेही हसले, पण ती काट पुन्हा एकदा गिरवली. मला रडू आलं.

घरी आल्यावर विचारलं, "आता हो?"

"भाग कधी जातो आणि कधी नाही, ते शोधायचं." मग दुसरी खुर्ची टेबलाशी ओढली. "तू बसशील का बरोबर? टायपिंगला नाही. शोधायला."

तीस वर्षांत हे पहिल्यांदा विचारत होते.

"बसते," मी म्हणाले. "पण कोणाला वगळायचं ते मी ठरवणार."